कोरियन क्रियापद चालवून पाहू

पावसाळ्याचे दिवस होते. चाकणजवळच्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून लागून मला जेमतेम दोन आठवडे झाले होते. खिडकीबाहेर सरी सुरू झाल्या आणि शेजारी उभ्या असलेल्या, वयानं माझ्या वडिलांच्या बरोबरीच्या कोरियन साहेबांना मी उत्साहानं म्हटलं, ‘पिगा वा!’ म्हणजे पाऊस येतोय. साहेब रागावले नाहीत, पण क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, ‘ने, पिगा वायो.’ हो, पाऊस येतोय. फरक फक्त एका ‘यो’चा होता.

मी साहेबांना ‘तू’ म्हटलं नव्हतं, त्यांच्याबद्दल बोललेच नव्हते. वाक्य पावसाबद्दल होतं. मराठीत तुम्ही ते शेजारच्या पोराला सांगा की कलेक्टरला, ‘पाऊस येतोय’ तेच राहतं. निदान मला तेव्हा तसं वाटलं. घरी जाताना लक्षात आलं की आपणही ‘पाऊस येतोय रे’, ‘पाऊस येतोय गं’, ‘पाऊस येतोय हो’ असं म्हणतोच की! त्या ‘रे’, ‘गं’, ‘हो’चा पावसाशी काही संबंध नाही, ते ऐकणाऱ्याकडे बघून लागतात. आपल्याकडे ते लावलं तर लावलं. कोरियनमध्ये मात्र प्रत्येक वाक्याच्या शेवटी, म्हणजे क्रियापदाच्या शेपटाला, ऐकणाऱ्याची नोंद करावीच लागते. ‘यो’ म्हणजे आपला ‘हो’. एवढं मनात पक्कं ठेवलं तर पुढचं सगळं रूपांचं जंजाळ सोपं होतं. म्हणून मी शिकवताना तक्त्यापासून नाही, इथून सुरुवात करते.

आधी उच्चाराचं थोडं

इथे सगळे कोरियन शब्द देवनागरीत लिहिले आहेत. ‘ऑ’ लिहिलंय तिथे ओठ फार गोल करू नका, ‘अ’ आणि ‘ऑ’च्या मधला तो स्वर आहे. ‘सुम्निदा’, ‘मॉगुल्’ अशा प्रत्ययांत जो ‘उ’ दिसेल तो म्हणताना ओठ ‘इ’ म्हणताना पसरतात तसे पसरलेले ठेवा. ‘च’ हा ‘चार’मधला, ‘चमचा’मधला नव्हे.

तरी दोन आठवडे काढून हांगुल शिकाच. राजा सेजोंगनं १४४३ मध्ये ती लिपी तयार केली, १४४६ मध्ये ती लोकांपुढे आली. आज वापरात असलेली मूलभूत अक्षरं २४, त्यामुळे शिकायला कठीण नाही. व्याकरणासाठी तिचा मोठा फायदा असा की १९३३ पासून रुळलेल्या लेखनपद्धतीत धातू सहसा एकाच रूपात लिहितात, उच्चार कितीही बदलला तरी. कानाला ‘मॉक्’, ‘मॉग्’, ‘मॉङ्’ असं तीन तऱ्हेनं ऐकू येणारं अक्षर कागदावर एकच असतं.

हा बदल मराठी माणसाला परका नाही. शाळेत संधी शिकलो तेच हे. वाक् + ईश = वागीश, तसं मॉक् + ऑयो = मॉगॉयो. जगत् + ईश = जगदीश, तसं पात् + आयो = पादायो. वाक् + मय = वाङ्मय, तसं मॉक् + नुन्दा = मॉङ्नुन्दा. जगत् + नाथ = जगन्नाथ, तसं पात् + नुन्दा = पान्नुन्दा. कोरियन आणि संस्कृत यांचं काही नातं नाही. तोंडाची सोय सगळीकडे सारखी, एवढंच. वर्गात हे फळ्यावर लिहिलं की मुलांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दरवेळी दिसतो.

धातू सुटा करा

शब्दकोशात क्रियापद ‘दा’नं संपतं, आपल्याकडे ‘णे’नं संपतं तसं. खाणे म्हणजे मॉक्ता, जाणे म्हणजे कादा, येणे म्हणजे ओदा, मिळणे किंवा घेणे म्हणजे पात्ता. (‘क्’ आणि ‘त्’पुढे ‘दा’चा उच्चार ‘ता’ होतो.) शेवटचा ‘दा’ काढला की धातू उरतो: मॉक्, का, ओ, पात्.

आता एक आनंदाची गोष्ट. मी खातो, मी खाते, तू खातोस, ती खाते, ते खातात, या सगळ्यांना कोरियनमध्ये एकच रूप आहे. लिंग, वचन, पुरुष यांपैकी कशानंही क्रियापद बदलत नाही. ‘आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळं खाल्लं’ ही आपल्या भूतकाळातली कसरतही नाही. ती सगळी शक्ती कोरियन माणूस ऐकणाऱ्याचा मान ओळखण्यात खर्च करतो.

‘आ’ की ‘ऑ’?

सगळ्यात आधी ‘यो’वालं रूप शिका. यातून बाकीची बरीचशी रूपं निघतात आणि ते कुठेही उद्धट ठरत नाही.

धातूतला शेवटचा स्वर बघा. तो ‘आ’ किंवा ‘ओ’ असेल तर ‘आ’ जोडा, दुसरा कुठलाही असेल तर ‘ऑ’. मग ‘यो’.

मॉक् + ऑ + यो = मॉगॉयो, खाते/खातो/खातात.
पात् + आ + यो = पादायो, मिळतं/घेते.

धातूच स्वरानं संपत असेल तर दोन स्वर एकमेकांत मिसळतात. का + आ मिळून नुसता ‘का’ उरतो, म्हणून कायो. ओ + आ = वा, म्हणून वायो. (आपल्या पावसातला ‘वा’ तो हाच. कोरियन पाऊसही आपल्यासारखाच ‘येतो’.) पोदा म्हणजे पाहणे, त्याचं प्वायो. पेउदा म्हणजे शिकणे, त्याचं पेवॉयो. माशिदा म्हणजे पिणे, त्याचं माश्यॉयो. आणि हादा, म्हणजे करणे, याचं हेयो. वरच्यांपैकी हे एकच रूप नियमाबाहेरचं आहे, पण ‘हादा’ लागून बनलेली क्रियापदं हजारोंनी आहेत. अभ्यास करणे म्हणजे कोङ्बुहादा, त्याचं कोङ्बुहेयो. त्यामुळे ‘हेयो’ पाठ झालं की एका दमात खूप क्रियापदं हाती येतात.

प्रश्नासाठी वेगळं काही करायचं नाही. आवाज वर न्यायचा: मॉगॉयो? आपण ‘जेवलात?’ म्हणतो तसं.

‘यो’ काढलं की

मॉगॉ, पादा, का, वा, हे. झाली अरे-तुरेची रूपं. कोरियन या भाषेला ‘पान्माल्’ म्हणतात, म्हणजे शब्दशः अर्धं बोलणं. अहो-जाहोच्या भाषेला ‘चोन्देन्माल्’.

रूप बनवायला सेकंद लागतो, वापरायला परवानगी लागते. समवयस्क मित्र, धाकटी भावंडं, लहान मुलं यांच्याशी चालतं. पण नव्यानं ओळख झालेल्या माणसाशी, तो वयानं लहान असला तरी, ‘यो’नंच सुरुवात करायची. पुढे जवळीक वाढली की दोघांपैकी मोठा माणूस ‘आता अरे-तुरे करूया’ असं सुचवतो, किंवा धाकटाच मोठ्याला म्हणतो, ‘माल् नोउसेयो.’ शब्दशः, बोलणं खाली ठेवा. हे म्हणणं हा त्या ओळखीतला लहानसा समारंभच असतो. वयातलं एका वर्षाचं अंतरही तिथे मोजलं जातं. २०२३ च्या जूनमध्ये दक्षिण कोरियानं वय मोजण्याची जुनी पद्धत कायद्याच्या कामकाजातून काढली, पण कोण थोरला आणि कोण धाकटा हा प्रश्न काही गेला नाही.

मालिका बघून कोरियन शिकणाऱ्यांना मी इथे कळकळीनं थांबवते. मालिकेत नायक-नायिका, भाऊ-बहीण, मित्र-मैत्रिणी बोलतात, त्यामुळे कानावर सतत पान्माल् पडतं. तेच तोंडात बसलं की मुलाखतीच्या खोलीत अनवधानानं बाहेर येतं.

भूतकाळ

‘आ/ऑ’ लावून जे रूप झालं, त्याच्या पोटात दुहेरी ‘स’ घाला. मग ‘ऑ’, आणि मानासाठी ‘यो’.

मॉगॉ → मॉगॉस्सॉ → मॉगॉस्सॉयो, खाल्लं.
पादा → पादास्सॉयो, मिळालं.
का → कास्सॉयो, गेले. वा → वास्सॉयो, आले. हे → हेस्सॉयो, केलं.

मागे ‘स्स’ आल्यावर पुढचा स्वर नेहमी ‘ऑ’च. कास्सायो, पादास्सायो ही चूक सुरुवातीला सगळेच करतात.

भविष्यकाळ, आणि ‘करते हं’

स्वरानं संपणाऱ्या धातूला ‘ल्’, व्यंजनानं संपणाऱ्याला ‘उल्’, मग ‘क्कॉएयो’. मॉगुल् क्कॉएयो म्हणजे खाणार आहे. काल् क्कॉएयो म्हणजे जाणार आहे. मित्राशी बोलताना मॉगुल् क्कॉया.

पण पुढच्या काळाबद्दल बोलायची ही एकच वाट नाही. समोरच्याला शब्द देताना ‘क्केयो’ लागतं: हाल्क्केयो. याला मराठीत अगदी नेमकं रूप आहे, ‘करते हं’. ‘करणार आहे’ ही माहिती झाली, ‘करते हं’ हे समोरच्याला दिलेलं वचन. साहेबांनी काम सांगितलं आणि तुम्ही ‘हाल् क्कॉएयो’ म्हणालात, तर ‘मी करणारच होते, तुम्ही सांगायची गरज नव्हती’ असा रंग चढू शकतो. तिथे हाल्क्केयो हवं.

तिसरं ‘केत्’. यात इच्छा असते किंवा अंदाज असतो. कोरियात जेवायला बसताना म्हणतात, ‘चाल् मॉक्केत्सुम्निदा.’ छान जेवेन. ताट संपवून उठताना, ‘चाल् मॉगॉत्सुम्निदा.’ छान जेवले. एकाच धातूची दोन रूपं, जेवणाच्या दोन टोकांना. हवामानाच्या बातम्यांत ‘नेइल् पिगा ओगेत्सुम्निदा’ ऐकू येतं, उद्या पाऊस येईल. इथे तोच ‘केत्’ अंदाजासाठी आला आहे.

आत्ता चालू असलेल्या क्रियेला ‘को इस्सॉयो’ जोडा: मॉक्को इस्सॉयो, खातेय. भूतकाळात मॉक्को इस्सॉस्सॉयो, खात होते.

‘म्निदा’: सभा, बातमी, कवायत

स्वरानं संपणाऱ्या धातूला ‘म्निदा’, व्यंजनानं संपणाऱ्याला ‘सुम्निदा’. काम्निदा, ओम्निदा, हाम्निदा, पण मॉक्सुम्निदा, पात्सुम्निदा. प्रश्नात ‘दा’च्या जागी ‘क्का’: मॉक्सुम्निक्का? भूतकाळात मधला दुहेरी ‘स’ व्यंजनापुढे ‘त्’सारखा ऐकू येतो आणि पुढे नेहमी ‘सुम्निदा’ लागतं: मॉगॉत्सुम्निदा, कात्सुम्निदा. भविष्यकाळात मॉगुल् क्कॉम्निदा.

हे रूप बातम्यांत, सैन्यात, सभेत, कंपनीतल्या सादरीकरणात आणि विमानतळावरच्या सूचनांत भेटतं. रोजच्या बोलण्यात सगळी वाक्यं ‘म्निदा’नं संपवली तर समोरचा अवघडतो. ऑफिसातले मुरलेले लोक सुरुवातीची एकदोन वाक्यं ‘म्निदा’नं करतात आणि मग ‘यो’वर उतरतात. मलाही तोच मध्यम मार्ग बरा वाटतो.

छापील भाषेतलं रूप वेगळं. वर्तमानपत्र, कादंबरी, स्वतःची रोजनिशी अशा लिखाणात ऐकणारा कुणी समोर नसतो, म्हणून त्याच्यासाठी शेपूटही लागत नाही. व्यंजनानंतर ‘नुन्दा’, स्वरानंतर ‘न्दा’: मॉङ्नुन्दा, कान्दा, हान्दा. भूतकाळात मॉगॉत्ता, कात्ता. बोलताना हे मोठ्यांशी वापरायचं नाही.

दुसरा मान: ज्याच्याबद्दल बोलतोय त्याचा

इथपर्यंत आपण फक्त ऐकणाऱ्याकडे बघितलं. आता कर्त्याकडे बघू. मराठीत ‘भाऊ आला’ पण ‘आजोबा आले’. आजोबा एकच, क्रियापद अनेकवचनी. कोरियन हेच काम ‘शि’ या प्रत्ययानं करतं, आणि तो धातूला अगदी चिकटून बसतो. व्यंजनानंतर तो ‘उशि’ होतो.

ओ + शि + भूतकाळ + यो = ओश्यॉस्सॉयो, आले. क्रम लक्षात ठेवा: धातूला लागून कर्त्याचा मान, मग काळ, आणि सगळ्यात शेवटी, दाराशी, ऐकणारा. हे दोन मान स्वतंत्र आहेत, म्हणून चार वाक्यं होतात. माझ्या मते या लेखातली हीच चार वाक्यं आधी पाठ करावीत:

‘भाऊ आला रे’: तोङ्सेङि वास्सॉ.
‘आजोबा आले रे’: हाराबॉजिगा ओश्यॉस्सॉ.
‘भाऊ आला हो’: तोङ्सेङि वास्सॉयो.
‘आजोबा आले हो’: हाराबॉजिगा ओश्यॉस्सॉयो.

(तोङ्सेङ् म्हणजे धाकटं भावंड, भाऊ असो की बहीण.) मित्राशी बोलताना ‘यो’ जातं, पण आजोबांचा ‘शि’ जागेवर राहतो. शिक्षकांशी बोलताना ‘यो’ येतं, पण तेवढ्यानं धाकट्या भावाला ‘शि’ मिळत नाही.

वर्तमानात ‘शि’ आणि ‘ऑयो’ मिळून ‘सेयो’ होतं: ओसेयो, कासेयो, पादुसेयो. हेच नम्र आज्ञेचंही रूप आहे, या, जा, घ्या. सभेत किंवा पाटीवर ओशिम्निदा, आणि आज्ञेला ओशिप्शियो.

स्वतःला ‘शि’ कधीही लावायचा नाही. वस्तूंनाही नाही. कोरियातल्या कॉफीच्या दुकानांत गिऱ्हाइकाला मान द्यायच्या भरात ‘खॉफि नाओश्यॉत्सुम्निदा’ म्हणतात, जणू ‘कॉफी बाहेर आल्या’. तिथले भाषेचे जाणकार यावर बरीच वर्षं टीका करत आले आहेत. कानावर पडलं तरी उचलू नका.

आता मॉक्ताचं एक वैशिष्ट्य. याला ‘शि’ लावून ‘मॉगुशिदा’ म्हणत नाहीत. आदरानं खाणं म्हणजे तुशिदा: तुसेयो, तुश्यॉस्सॉयो, तुशिम्निदा. झोपणे आणि असणे यांनाही असे वेगळे मानाचे शब्द आहेत, चुमुशिदा आणि केशिदा. ‘बसा’च्या जागी ‘विराजमान व्हा’ यावं तसे, पण कोरियनमध्ये ते रोजच्या घरगुती बोलण्यातले आहेत. ‘जेवलास का?’ हा आपल्यासारखाच तिथेही ख्यालीखुशालीचा प्रश्न आहे. मित्राला तो ‘पाम् मॉगॉस्सॉ?’ वरिष्ठांना ‘शिक्सा हाश्यॉस्सॉयो?’ आजी-आजोबांना ‘चिन्जि चाप्सुश्यॉस्सॉयो?’ इथे क्रियापदासोबत जेवणाचा शब्दही बदलला आहे. पाप् म्हणजे भात, शिक्सा म्हणजे भोजन आणि चिन्जि हे वडीलधाऱ्यांच्याच जेवणाचं नाव.

नाही म्हणायचं तर

सोपा मार्ग म्हणजे आधी ‘आन्’: आन् मॉगॉयो, खात नाही. ‘हादा’ची जोडक्रियापदं मधून फोडायची: कोङ्बु आन् हेयो. दुसरा मार्ग जरा लिखाणाकडे झुकणारा आहे, धातूला ‘चि’ लावून पुढे ‘आनायो’: मॉक्चि आनायो. भूतकाळात मॉक्चि आनास्सॉयो. काळ नकाराला लागतो, ‘खात नाही, खात नव्हते’मध्ये आपल्याकडे लागतो तसाच. आणि इच्छा असून जमत नसेल तर ‘मोत्’: मोन् मॉगॉयो. ‘खाववत नाही’ म्हणजे हेच. तिखट नको असेल तेव्हा ‘आन्’पेक्षा ‘मोन्’ म्हणणं यजमानाला कमी लागतं.

आता तुम्ही चालवा

पात्ता घ्या. रूपं झाकून आधी मोठ्यानं म्हणा, मग ताडून बघा. अरे-तुरे, अहो-जाहो, सभेचं, छापील, याच क्रमानं.

वर्तमान: पादा, पादायो, पात्सुम्निदा, पान्नुन्दा.
भूत: पादास्सॉ, पादास्सॉयो, पादात्सुम्निदा, पादात्ता.
भविष्य: पादुल् क्कॉया, पादुल् क्कॉएयो, पादुल् क्कॉम्निदा, पादुल् क्कॉशिदा.
कर्त्याला मान देऊन: पादुसेयो, पादुश्यॉस्सॉयो, पादुशिम्निदा.

रोज एक क्रियापद, वहीचं एक पान, पंधरा मिनिटं. महिन्याभरात तीस क्रियापदं होतील, पण दहाव्या-बाराव्या दिवशीच रूपं आपोआप यायला लागतात. क्रियापदं निवडताना एक काळजी घ्या. काही धातू दिसतात नियमित, पण स्वर पुढे आला की बदलतात. तात्ता, म्हणजे बंद करणे, याचं तादायो होतं. पण तुत्ता, म्हणजे ऐकणे, याचं तुरॉयो आणि कॉत्ता, म्हणजे चालणे, याचं कॉरॉयो होतं. रूप बघून ओळखायची खूण नाही. नवा शब्द वहीत लिहिताना शेजारी त्याचं ‘यो’ रूपही लिहून ठेवायचं, म्हणजे प्रश्न मिटतो.

नवीन वर्षाला कोरियन लोक एकमेकांना म्हणतात, ‘सेहे पोङ् मानि पादुसेयो.’ नव्या वर्षी भरपूर भाग्य लाभो, शब्दशः भाग्य घ्या. आता हे वाक्य उकलता येईल: पात् हा धातू, उशि हा घेणाऱ्याचा मान, शेवटचं यो ऐकणाऱ्यासाठी. इथे घेणारा आणि ऐकणारा एकच, म्हणून दोन्ही मान एकाच माणसाला मिळाले. मैत्रिणीला म्हणायचं असेल तर दोन्ही काढा: सेहे पोङ् मानि पादा. त्या पावसाळ्यानंतरच्या जानेवारीत मी साहेबांना हे वाक्य म्हटलं, ‘सेयो’वर जरा जोर देऊन. ते हसले आणि त्यांनीही मला ‘पादुसेयो’च म्हटलं, ‘पादा’ नाही.